एक माइक, दोन मिक्सर: स्टेज मॉनिटरसाठी सिग्नलची विभागणी

कार्यक्रम रंगात येतो आणि गायक वेजकडे (पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरकडे) बोट दाखवून आवाज वाढवायची खूण करतो. मॉनिटरला तर कोणी हात लावलेला नसतो. झालेलं असतं एवढंच, की हॉलचा मिक्स सांभाळणाऱ्याने क्लिप होतंय (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन फाटतोय) म्हणून त्या चॅनेलचा गेन, म्हणजे माइकच्या सिग्नलची सुरुवातीची वाढ, ४ डीबी खाली घेतला. हॉलमधला फेडर (पातळीची सरकपट्टी) वर करून त्याने स्वतःचं काम भागवलं, पण ऑक्स सेंड, म्हणजे मॉनिटरकडे जाणारी वेगळी वाट, जिथे होता तिथेच राहिला आणि गायकाच्या कानातला आवाज त्याच ४ डीबींनी गळाला.

‘ऑक्स प्री-फेडर ठेवला आहे, मग काय अडचण?’ असं अनेकांना वाटतं. प्री-फेडर ऑक्स, म्हणजे फेडरच्या आधीच निघणारा, फेडरपासून सुटतो, गेनपासून सुटत नाही. बऱ्याच अॅनालॉग मिक्सरवर तो ईक्यूच्याही (फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या भागाच्याही) नंतरच निघतो. हॉलमध्ये आवाज उजळ व्हावा म्हणून ३ किलोहर्ट्झ उचललं, की तेच वेजमध्ये जाऊन शिट्टी मारतं. मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर तर याहून त्रासदायक. त्याने जोरकस सुरावर ६ डीबी दाबले आणि ते मेकअप गेनने भरून काढले, तर गायक गप्प असताना तोच माइक ६ डीबी जास्त वाढवलेला असतो. हॉलमध्ये ते खपून जातं, वेजसमोर नाही.

यावरचा उपाय म्हणजे माइकचा सिग्नल दोन वाटांनी नेणं. एक वाट हॉलकडे, दुसरी मॉनिटरकडे, आणि दोन्हींचा गेन, ईक्यू, कॉम्प्रेसर वेगळा. मात्र वायर दोन झाल्या म्हणून मॉनिटर सुधारत नाही. फँटम (काही माइकना केबलमधून लागणारी ४८ व्होल्टची वीज) कोण देणार, ग्राउंड कुठे जोडलेला राहणार आणि गेन कोणाच्या हातात, या तीन गोष्टींना प्रत्येकी एकच मालक ठरवला नाही, तर विभागणीनंतर त्रास आधीपेक्षा वाढतो.

आधी फुकटचा उपाय करून पाहा

मिक्सर डिजिटल असेल आणि चॅनेल शिल्लक असतील, तर स्प्लिटर (सिग्नल विभागणारा डबा) घेण्याआधी एकच इनपुट दोन चॅनेलवर पॅच करा. समजा गायकाचा माइक इनपुट १ वर आहे. चॅनेल १ ला आणि चॅनेल १७ लाही स्रोत म्हणून इनपुट १ द्या. चॅनेल १ फक्त हॉलसाठी ठेवा आणि त्याचे मॉनिटरकडे जाणारे सगळे सेंड बंद करा. चॅनेल १७ मुख्य एलआर बसमधून (हॉलच्या डाव्या-उजव्या स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेतून) काढा आणि मॉनिटरचे सगळे सेंड तिथूनच द्या. आता चॅनेल १७ चा ईक्यू सपाट ठेवा, हवं तर फीडबॅकपुरता कापा. कॉम्प्रेसर बंद, किंवा अगदी हलका.

प्रीअँप (गेन देणारा भाग) मात्र एकच असल्यामुळे गेन सामाईक राहतो. म्हणून साउंडचेकमध्ये गेन ठरवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. कमी-जास्त करायचंच असेल तर डिजिटल ट्रिम वापरा, तो प्रत्येक चॅनेलचा स्वतंत्र असतो. एकटा माणूस हॉल आणि मॉनिटर दोन्ही सांभाळत असेल, तर माझ्या मते दहापैकी आठ वेळा एवढं पुरतं. सगळे माइक दुहेरी पॅच करण्याचीही गरज नसते. गायकांचे माइक आणि फार तर अकूस्टिक गिटार, बस्स.

खरोखरची विभागणी लागते ती तेव्हा, जेव्हा मॉनिटरला वेगळा मिक्सर आणि वेगळा माणूस असतो, बँड स्वतःचा इन-इअर (कानात घालायच्या मॉनिटरचा) रॅक घेऊन फिरत असतो आणि प्रत्येक ठिकाणी हॉलचा मिक्सर नवा असतो, किंवा ध्वनिमुद्रणासाठी तिसरी वाट हवी असते.

विभागणीचे चार प्रकार

सगळ्यात साधी वाय केबल. एक फीमेल एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर), दोन मेल एक्सएलआर. पिन १ ला १ (ग्राउंड), २ ला २, ३ ला ३ (या दोन सिग्नलच्या). एक माइक दोन मिक्सरना द्यायला ती चालते. उलट दिशेने, म्हणजे दोन माइक एका इनपुटला जोडायला, कधीही वापरू नका. दोन्ही माइक एकमेकांवर भार टाकतात.

वाय केबलने आवाज निम्मा होतो, ही समजूत चुकीची आहे. माइकचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १५० ओम आणि प्रीअँपचा २००० ओम धरा. एका मिक्सरवर सुमारे ०.६ डीबी घट होते. दोन मिक्सर समांतर जोडले की भार १००० ओम होतो आणि घट सुमारे १.२ डीबी. तिसरा जोडला तर सुमारे १.८ डीबी. शुअर एसएम५८ चा प्रत्यक्ष इम्पिडन्स ३०० ओम आहे. तिथे एकावरून दोन मिक्सरवर गेल्यावर साधारण १ डीबीचा फरक पडतो. एवढं गेनच्या नॉबने सहज भरून निघतं. डायनॅमिक माइकचा पोत जास्त भाराने थोडा बदलतो, पण स्टेजवरच्या गोंगाटात तो हेरणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

वाय केबलची खरी अडचण वेगळीच आहे. दोन्ही मिक्सरचे ग्राउंड तिच्यातून थेट जोडले जातात आणि दोन वेगळ्या ठिकाणच्या विजेवर चालणारी यंत्रं जोडली गेली की गुणगुण सुरू होते. एका बाजूच्या वायरमध्ये पिन २ आणि ३ शॉर्ट झाल्या तर दोन्हीकडचा आवाज जातो. एका मिक्सरवर फँटम चालू-बंद केला तर त्याचा ठोका दुसरीकडेही ऐकू जातो. एकाच पॉवर स्ट्रिपवर असलेले दोन मिक्सर आणि चार-पाच डायनॅमिक माइक असतील तर वाय केबल बिनधास्त वापरा. त्यापुढे नको.

दुसरा प्रकार ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह स्प्लिटर, आणि बहुतेकांनी हाच घ्यावा. याला एक डायरेक्ट आउटपुट असतो, जो माइकशी वायरने थेट जोडलेला असतो, आणि एक किंवा दोन आयसोलेटेड आउटपुट असतात, ज्यांच्यात सिग्नल ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय जोडणीतून जातो. ट्रान्सफॉर्मरमधून डीसी जात नाही, म्हणून आयसोलेटेड बाजूच्या मिक्सरचा फँटम माइकपर्यंत पोचत नाही. ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं की त्या बाजूचा पिन १ सुद्धा तुटतो, आणि दोन मिक्सरमध्ये तांब्याची एकही वाट उरत नाही. वीज लागत नाही, बिघडण्यासारखं फार काही आत नसतं.

पण ट्रान्सफॉर्मर बसवला म्हणून माइकवरचा दुसरा भार नाहीसा होत नाही. १:१ च्या ट्रान्सफॉर्मरमधून दुसऱ्या मिक्सरचा इम्पिडन्स तसाच्या तसा माइकला दिसतो. वरचा १.२ डीबीचा हिशोब इथेही लागू, वर गुंडाळीच्या रोधाची किंचित घट. दुसरं, ट्रान्सफॉर्मरचा गाभा छोटा आणि स्वस्त असेल तर खालच्या फ्रीक्वेन्सीला, मोठ्या सिग्नलवर तो सॅच्युरेट होतो, म्हणजे आवाज विकृत करतो. किक ड्रम आणि बास डीआय (बास गिटार मिक्सरला जोडणारा डबा) यांना हा फटका आधी बसतो. स्वस्त स्प्लिटर असेल तर किकची डायरेक्ट बाजू हॉलकडे द्या. वेजमध्ये ४० हर्ट्झची चैन तशीही कोणाला नको असते.

तिसरा ॲक्टिव्ह स्प्लिटर. यात स्वतःचा प्रीअँप किंवा बफर असतो, त्यामुळे माइकवर एकच भार येतो आणि तीन-चार वाटा निघाल्या तरी पातळी ढळत नाही. फँटम तोच देतो. मोठ्या थेट प्रक्षेपणात तो उपयोगी पडतो. पण त्याची वीज गेली की सगळे माइक एकदम मुके होतात. वीजपुरवठा दुहेरी नसेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

चौथा डिजिटल. स्टेजबॉक्समध्ये एकदाच सिग्नलचं डिजिटल रूपांतर होतं आणि एईएस५०, माडी किंवा दांते अशा डिजिटल जोडणीवरून तोच दोन मिक्सरना मिळतो. हम नाही, भार नाही, वजन नाही. पण प्रीअँप पुन्हा एकच, त्यामुळे सुरुवातीचा गेनचा प्रश्न परत दारात उभा राहतो. काही प्रणालींमध्ये यासाठी गेन ट्रॅकिंग किंवा गेन कॉम्पेन्सेशन असतं: एकाने गेन ४ डीबी खाली घेतला की दुसऱ्याच्या मिक्सरमध्ये ट्रिम आपोआप ४ डीबी वर जातो. ती सोय नसेल तर गेनचा ताबा मॉनिटरवाल्याकडे द्या आणि हॉलवाल्याने ट्रिमवर काम करावं. इन-इअरमध्ये अचानक ४ डीबी वाढले तर ते थेट कानाला लागतं. हॉलमध्ये तेवढं फेडरने सावरता येतं.

यापुढचं सगळं ट्रान्सफॉर्मर स्प्लिटर धरून लिहितो.

पायरी १: इनपुट लिस्ट

कागदावर चॅनेल नंबर, वाद्य, माइक की डीआय आणि फँटम हवा का, हे लिहा. शेजारी आणखी एक रकाना ठेवा: दोन्हीकडे जायचं का? सगळं विभागायचं नसतं. क्लिक ट्रॅक (बँडसाठी तालाची टिकटिक) फक्त मॉनिटरला; तो हॉलमध्ये गेला तर बँडची अब्रू गेली. प्रेक्षकांच्या प्रतिसादासाठी लावलेले अँबियन्स माइक फक्त मॉनिटरला. स्टेजवरून बँडने एकमेकांशी बोलायचा टॉकबॅक माइक फक्त मॉनिटरला. उलट, हॉलसाठी लावलेला दुसरा किक माइक किंवा ओव्हरहेडची जोडी मॉनिटरवाल्याला कित्येकदा नकोच असते. सोळा चॅनेलचा स्प्लिटर पुरेल की नाही हे या रकान्यानेच ठरतं.

पायरी २: डायरेक्ट बाजू कोणाची

यावर साउंडवाल्यांमध्ये कायम वाद होतात. माझं मत: डायरेक्ट बाजू मॉनिटरला द्या. मॉनिटरचा मिक्सर स्टेजशेजारी असतो, स्टेजच्याच विजेवर चालतो, तिथपर्यंतची केबल तोकडी असते. ग्राउंड लूपचा धोका असतो तो लांबच्या हॉल मिक्सरशी, म्हणून आयसोलेशन त्या लांब वाटेवर हवं. बँडचा स्वतःचा रॅक असेल तर आणखी एक फायदा: फँटम नेहमी तुमच्याच रॅकमधून जातो आणि नव्या जागी कोणाला विचारत बसावं लागत नाही.

एकदा ठरलं की फँटमचा मालकही ठरला. आयसोलेटेड बाजूने फँटम चालू केला तरी माइकपर्यंत पोचत नाही, पण त्या चॅनेलवर ठोका येऊ शकतो, म्हणून तिकडे तो बंदच ठेवायला सांगा. वाय केबल वापरत असाल तर हे जास्तच पाळा. फँटमचे ४८ व्होल्ट प्रत्येक तारेवर ६.८ किलोओमच्या रेझिस्टरमधून येतात. काही मिक्सरच्या बांधणीत फँटम बंद केल्यावरही तेच रेझिस्टर ग्राउंडला जोडलेले राहतात. मग पहिल्या मिक्सरचे ४८ व्होल्ट माइकशी पोचेपर्यंत निम्म्यावर येतात आणि कंडेन्सर माइक चालतो, पण खरखरतो किंवा लवकर क्लिप होतो. अशा वेळी बिचाऱ्या माइकला दोष दिला जातो.

पायरी ३: जोडणी

स्प्लिटर मॉनिटर मिक्सरच्या रॅकमध्ये किंवा अगदी शेजारी ठेवा. स्टेजवरचे माइक आधी स्प्लिटरच्या इनपुटला येतात. तिथून छोटं लूम (केबलींचा जुडगा) मॉनिटरकडे आणि लांब मल्टिकोअर हॉलकडे. दोन्ही लूमवर नंबर एकाच क्रमाने हवेत: स्प्लिटरचा ७ म्हणजे मॉनिटरचा ७ आणि हॉलचाही ७. हॉलवाल्याला वेगळा क्रम हवा असेल तर त्याने तो स्वतःच्या मिक्सरमध्ये सॉफ्ट पॅचने करावा, तुमच्या वायरी उपसून नव्हे. प्रत्येक टोकाला दोन्हीकडे लेबल लावा, आणि मॉनिटर व हॉल लूमचे रंग वेगळे ठेवा. अंधारात हीच युक्ती उपयोगी पडते.

जोडण्याआधी प्रत्येक केबल टेस्टरवर तपासा. पिन २ आणि ३ उलट जोडलेली एक केबल एरवी लपून राहते. विभागणीत ती एका बाजूची पोलॅरिटी (सिग्नलचं धन-ऋण) उलटवते आणि दुसरी बाजू ठीक असते, त्यामुळे शोधणं कठीण जातं.

पायरी ४: फँटम, मग ग्राउंड

सगळे चॅनेल म्यूट, वेज आणि इन-इअर बंद. आधी सर्व जोडण्या पूर्ण करा, मग लागेल त्या चॅनेलवर फँटम चालू करा, काही सेकंद थांबा, मगच म्यूट काढा. फँटम चालू असताना माइक उपटायचा किंवा खुपसायचा नाही.

ग्राउंड लिफ्ट सुरुवातीला बंद, म्हणजे पिन १ जोडलेला. हॉलचं सगळं चालू करून गेन नेहमीएवढा ठेवा आणि ऐका. गुणगुण नसेल तर काहीच करू नका. असेल तर आयसोलेटेड बाजूची लिफ्ट सर्व चॅनेलवर एकदम दाबा. दोन चॅनेल लिफ्ट, बाकी नाहीत, अशी खिचडी केली की लूप शिल्लकच राहतो. डायरेक्ट बाजूचा पिन १ कधीही तोडू नका, फँटमचा परतीचा प्रवाह त्याच्यातूनच जातो.

आणि गुणगुण घालवायला विजेच्या प्लगची अर्थ पिन काढणं हा उपाय नाही. गिटार हातात आणि ओठ माइकला, अशा माणसाचा जीव त्या पिनवर अवलंबून असतो.

पायरी ५: लाइन चेक

एक जण स्टेजवर, एक मॉनिटरवर, एक हॉलमध्ये. स्टेजवरचा माणूस चॅनेल १ पासून क्रमाने माइक खाजवतो किंवा बोलतो, आणि पुढे सरकण्याआधी दोन्हीकडून ‘आला’ ऐकतो. फक्त मॉनिटरला आला आणि हॉलला नाही, तर दोष स्प्लिटरच्या पुढे, हॉलच्या वाटेवर. दोन्हीकडे नाही, तर माइक किंवा स्प्लिटरपर्यंतची केबल. आवाज पातळ, खालचा भाग गायब आणि पातळी बरीच कमी, तर बहुधा पिन २ किंवा ३ पैकी एक तार तुटलेली. स्टेजवरच्या गोंधळात ही तर्कशुद्धता सुचत नाही, म्हणून क्रम पाठच असावा.

पायरी ६: मॉनिटरचा गेन आणि आवाज

विभागणीचं खरं फळ इथे मिळतं, म्हणून इथे घाई नको. डिजिटल मिक्सरवर सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (शून्य ही कमाल डिजिटल पातळी) आसपास आणि सर्वांत जोरकस सूर उणे ८ ते उणे ६ च्या वर जाणार नाही असा गेन ठेवा. गायक साउंडचेकला नेहमी हळू गातो, म्हणून सगळ्यात वरची ओळ पूर्ण जोरात गायला लावा. मग गेन कुलूपबंद.

वेजसाठी गायकाच्या चॅनेलवर हाय-पास (खालच्या फ्रीक्वेन्सी कापणारा फिल्टर) १२० ते १५० हर्ट्झपर्यंत न्या. हॉलमध्ये एवढं कापलं तर आवाज बारीक वाटेल, पण हा चॅनेल आता हॉलचा नाहीच. चॅनेलच्या ईक्यूने आवाजाचा स्वभाव सांभाळा, आणि शिट्टी मारणाऱ्या फ्रीक्वेन्सी वेजच्या आउटपुटवरच्या ग्राफिक किंवा पॅरामेट्रिक ईक्यूवर कापा. तिथे चार-पाचपेक्षा जास्त फ्रीक्वेन्सी खोल कापाव्या लागत असतील तर वेज चुकीच्या जागी आहे. कार्डिऑइड माइक नेमका मागून, १८० अंशांवर, सर्वात कमी ऐकतो, म्हणून वेज गायकाच्या थेट समोर. सुपरकार्डिऑइडचा बहिरा कोन १२६ अंशांच्या आसपास असतो, म्हणून वेज थोडा बाजूला, किंवा दोन्ही बाजूंना एकेक. सुपरकार्डिऑइड माइक आणला आणि वेज तिथेच ठेवला, तर फीडबॅक उलट वाढतो.

इन-इअर असेल तर हाय-पास खाली आणा, ८० ते १०० पुरे, आणि आउटपुटवर पातळी हद्दीत रोखणारा लिमिटर लावल्याशिवाय कोणाच्या कानात काही देऊ नका. अँबियन्स माइक थोडे मिसळा, नाहीतर गायक बंद खोलीत गातोय असं म्हणत एक कान काढतो आणि उरलेल्या कानात आवाज वाढवून मागतो.

शेवटी पोलॅरिटी. गायकाला स्वतःचा आवाज हाडांमधूनही ऐकू येतो आणि इन-इअरचा आवाज त्यात मिसळतो. मिक्सरचा एक-दोन मिलीसेकंदांचा उशीरही त्यात असतो. गायकाला एक सूर धरायला सांगा, मॉनिटर चॅनेलवरचं पोलॅरिटीचं बटण दाबा-सोडा आणि कोणत्या स्थितीत आवाज जास्त भरीव वाटतो ते त्यालाच विचारा. जे तो सांगेल ते ठेवा. हॉलमधल्या आवाजाला याने केसभरही धक्का लागत नाही.

बिघाड झाला तर

एकाच चॅनेलवर गुणगुण असेल तर ग्राउंड लूपऐवजी केबलची शील्ड तपासा. लूपची गुणगुण सहसा अनेक चॅनेलवर एकदम येते. कंडेन्सर माइक अधूनमधून जात असेल तर फँटम डायरेक्ट बाजूनेच येतोय ना ते बघा. कोणीतरी घाईत दोन लूमची अदलाबदल केलेली असण्याची शक्यता मोठी. हॉलमध्ये सगळंच १ डीबी मंद वाटत असेल तर तो दुसऱ्या मिक्सरचा भार आहे. गेन तेवढा वाढवा आणि विसरून जा. पण एखाद्याच चॅनेलची पातळी ५-६ डीबी पडली असेल तर तो भार नव्हे, ती तुटलेली तार. केबल बदला, जुनीला तिथल्या तिथे गाठ मारून बाजूला टाका, म्हणजे तीच केबल पुढच्या कार्यक्रमात परत येणार नाही.